परातीतली कीड

ही गोष्ट सांगायची मी आजवर टाळली. जुन्या विद्यार्थ्यांनी दोनदा माझा सत्कार केला, तेव्हा टाळली. नातवंडांनी विचारलं, तेव्हा विषय बदलला. सत्कारात दर वेळी कोणीतरी उठून सांगतो, "गुरुजींनी आमचे दात राखले." सांगणारा स्वतः सत्तरीच्या पुढचा असतो आणि सभेकडे तोंड करून आपले दात दाखवतो. टाळ्या पडतात. मला अभिमान वाटतो, आजही वाटतो. पण त्या टाळ्यांतला मोठा वाटा एका बाईचा होता, आणि तो तिला मिळाला नाही याला कारण मी.

स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील. महाळुंग्याच्या अलीकडे, चाकणच्या बाजाराला पायी जाता येईल अशा गावात माझी पहिली नेमणूक झाली. चौथीपर्यंतची शाळा होती आणि शिक्षक मी एकटाच. वय बावीस. आज त्या शिवारात कारखान्यांच्या भिंती आहेत; तेव्हा बाजरी होती.

मुलं हसली की आधी दिसायचे ते काळे पडलेले, किडलेले दात. पोराचा दात दुखला की आई त्याच्या हिरडीला मिश्री चोळायची. भाजलेल्या तंबाखूची ती पूड बाया स्वतः रोज लावतच. पोराला लावली की तोंड बधिर होऊन ते गप्प पडे. तान्हं रडलं की तोंडात गुळाचा खडा. आणि दुधाचे दात पडायचेच आहेत, त्यांचं एवढं काय, असं सगळ्या गावाचं मत.

फारच दुखायला लागलं की पोराला गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका विधवा बाईकडे नेत. ती दाताची कीड काढायची. परातीत पाणी घ्यायची, मधे तापवून लाल केलेला लोखंडाचा तुकडा ठेवायची, त्यावर तेलात भिजवलेलं रिंगणीच्या काटेरी झुडपाचं बी टाकायची आणि वर बूड फोडलेलं गाडगं पालथं घालायची. गाडग्याला बोरूची नळी. मुलानं ती तोंडात धरून धूर घ्यायचा. मग गाडगं उचललं की परातीतल्या पाण्यात पांढरे, वळवळल्यासारखे बारीक किडे दिसत. आई कपाळाला हात लावायची. बाईला पसाभर बाजरी मिळायची.

मला हे सहन होईना. मी रिंगणीचं बी आणून घरी प्रयोग केला. उष्णतेनं बी फुटतं आणि आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो. तीच कीड! एका सकाळी मी शाळेपुढे गाव जमवलं, तिलाही बोलावणं धाडलं आणि तिच्यासारखीच परात मांडली. नळी कोणाच्याच तोंडात दिली नाही. गाडगं उचललं. पाण्यात किडे.

"आता सांगा," मी ओरडून विचारलं, "हे कोणाच्या दातातनं आले?"

"गाडग्याच्या!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"बाये, मह्या बैलाची बी काढ की कीड!"

ती मागे उभी होती. पदर सारखा केला आणि निघून गेली. पोरं तिच्या मागे "परातवाली, परातवाली" करत गेली. मी त्यांना अडवलं नाही. त्या दिवशी मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

चार-पाच महिन्यांनी तिसरीतली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. घरी गेलो तर तिचा गाल सुजून डोळा मिटलेला, हिरडीवर मिश्रीचा थर. मी आईवर चिडलो. ती माझ्याहून जास्त चिडली.

"आधी ती बाई बघायची पोरींच्या तोंडात. गूळ बंद कर म्हनायची, मिसरी लावलीस तर हात मोडीन म्हनायची. तुमी तिचं हसं केलं, आता कोन जातं तिच्याकडं? आता तुमीच बघा."

तिनं मुलीचं तोंड माझ्यापुढे उघडलं. मला काही कळेना. काय बघायचं, तेच मला माहीत नव्हतं.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून चाकणला आणि तिथून पुण्याला नेलं. दाढ गेली, पोरगी वाचली. परत आल्यावर मी भर दुपारी त्या बाईच्या दारात गेलो. ती शेळीला पाला घालत होती.

"मावशी, तोंडात काय बघता तुम्ही, ते मला शिकवा."

"का? परात शिकलाच की तुमी."

मी पाल्याची पेंडी तिच्या हाताशी सरकवली. तिनं पाला संपवला, हात धुतले आणि म्हणाली, "किडं न्हाईत, हे मला ठावं हाय, गुरुजी. मह्या सासूलाबी ठावं व्हतं. पन नुस्तं सांगून कोन आय ऐकती? किडं दिसलं की भ्याती. भ्याली की गूळ बंद, मिसरी बंद, महिनाभर तरी. तुमाला छडी हाय, मला परात व्हती."

मग तिनं शिकवलं. शेजारचं पोर हाक मारून आणलं, त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, तोंड उजेडाकडे केलं. बोटाला ओलं धुवट फडकं गुंडाळून मिठाच्या पाण्यानं दात हिरडीपासून कसे पुसायचे, मागच्या दाढेच्या खळग्यात अन्न कुठे अडकतं, पांढुरका डाग पडला की काळा व्हायच्या आधीच कसा हेरायचा. त्या जाड बोटांखाली पोरानं हूं की चूं केलं नाही. इतका हलका हात मी नंतरही कुठल्या दवाखान्यात पाहिला नाही.

"पण दुधाचे दात पडणारच ना?" मी विचारलं.

"पंगतीत पाट मांडल्यात. एक मानूस मधनंच उठून गेला, तर शेजारचे सरकून बसत्यात का न्हाई? मग मागनं येनाऱ्यानं बसावं कुठं? तसंच हाय. दुधाचा दात जागा धरून ठेवतो."

मी ते शाळेत सुरू केलं. प्रार्थना झाली की प्रत्येकाच्या हातात धुतलेलं फडकं. मोठ्यांनी धाकट्यांचं तोंड बघायचं, डाग दिसला की मला सांगायचं. शनिवारी आया यायच्या. त्यांना मी पंगतीचा दाखला द्यायचो. दोन वर्षांत शाळेचं तोंड बदललं. पहिलीत येणारी पोरंसुद्धा स्वच्छ दातांनी हसायला लागली. आयुष्यात मी बरंच काही शिकवलं, पण त्या हसण्याइतकं समाधान मला दुसऱ्या कशानं दिलं नाही.

मग तपासणीला साहेब आले, बरोबर पुण्याचे एक दातांचे डॉक्टर. गाव जमलं. डॉक्टरांनी एकेक मूल पाहिलं आणि ते थक्क झाले. "खेड्यात असे दात? गुरुजी, आयांना पटवलंत कसं?"

मी पंगतीचा दाखला दिला. मावशीचे शब्द, फक्त शुद्ध भाषेत. डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "वा! आमच्या पुस्तकातही इतकं सोपं नाही. हे तुम्हाला सुचलं?"

ती आयांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मुलांना शिकवता शिकवता सुचलं," मी म्हणालो.

साहेबांनी शेरेबुकात तो दाखला माझ्या नावावर लिहिला. ती रागावली नाही. जाताना डॉक्टरांनी एका मुलाच्या दातांना हात लावून पुन्हा कौतुक केलं, तेव्हा मात्र तिची मान ताठ झाली. ती मुलं आपली आहेत, हे तिला माहीत होतं.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. पारापाशी बैलगाडी उभी, माझ्या गळ्यात हार, सारं गाव निरोपाला आलेलं. माझ्या बायकोचा हात धरून मावशी बाजूला गेली आणि आमच्या वर्षाच्या मुलीच्या तोंडात बोट घालून पाहू लागली. "चार आल्यात. दूध पाजून तशीच निजवू नगं, फडक्यानं पुसत जा." हिनं मान डोलावली. मी पुढे झालो. गाव ऐकत होतं. ज्या लोकांपुढे तिचं हसं केलं, त्याच लोकांपुढे बोलायचं होतं.

"येतो मावशी," एवढंच मी म्हणालो.

"या. पोरीच्या तोंडाकडं बघत जा."

बऱ्याच वर्षांनी गेलो, तेव्हा ती नव्हती. पारापाशी, हार गळ्यात असताना, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणायचं होतं ते इतकंच: मावशी, या पोरांचे दात तुम्ही राखलेत. पंगतीचं बोलणं तुमचं आहे, मी चोरलं. परात मांडून तुमचं हसं केलं, तेव्हा तुम्ही काय करत होता ते मला कळत नव्हतं, आणि कळल्यावरही मी गप्प राहिलो. मला माफ करा.