कुशाबाईनं बाग खुरपली

कुशाबाई मूळची कळंबची. नवरा मेंढरांमागं फिरता फिरता वारला, तशी ती बारामतीत आली आणि कालव्याकडेचं गवत कापून गावातल्या म्हशीवाल्यांना पेंढ्या विकू लागली. त्यावर तिनं पोर वाढवली, उजवली, आणि कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेरी पळाली याच्या बातम्याही पेंढीबरोबर घरोघर फुकट पोचवल्या.

मग शहराचा नवा आराखडा आला. कालव्याकडेला नकाशात हिरवा रंग फासला होता, आणि त्या रंगात कुशाबाईचं पत्र्याचं छप्पर बसत नव्हतं. गोठे गावाबाहेर गेले. दूध पिशवीतून येऊ लागलं. होणाऱ्या बागेसमोरच्या प्लॉटांना असा भाव आला, की काल तिथं गोवऱ्या थापणारी माणसं आज दलालाला सरबत पाजू लागली. म्हशी गेल्या, तशी पेंढीही गेली.

"आता मोठी मान्सं कुत्री पाळत्यात," कुशाबाई म्हणायची. "माझं गवत काय कुत्र्याला घालू?"

त्यातच तिची एकुलती लेक नकोशी भवानीनगरच्या सासरहून परत आली. पाठीवरचे वळ आईनं न्हाऊ घालताना पाहिले आणि ती पाणी ओतत राहिली. नकोशी एवढंच म्हणाली, "त्या घरात पुन्हा धाडू नकोस, आये."

धाडणार नव्हतीच. पण ठेवणार कुठं? छप्पर मोडल्यापासून कुशाबाई स्वतःच शेजारच्या भागुबाईच्या पडवीत पथारी टाकून होती. दोन तोंडं झाल्यावर भागुबाईच्या सुनेची भांडी जरा जास्तच आपटायला लागली.

तेवढ्यात बागेच्या ठेकेदाराचा मुकादम सोमनाथ भेटला. "मावशी, खुरपायला कायमची बाई पायजे. कोपऱ्यात खोली हाय, दोघी ऱ्हावा. पर आधी काम दाखवा. शुक्रवारी उद्घाटन हाय."

कुशाबाईनं काम दाखवलं. बुधवारी सोमनाथ कुंड्या आणायला पुण्याला गेला आणि जाताना बजावून गेला, "पाहुण्यांना तण दिसता कामा न्हाय."

बागेच्या मधोमध एक उंचवटा होता. काळी माती, वर रोज पाणी. गुरुवारी सकाळी कुशाबाईनं वाकून पाहिलं. सगळीकडं हरळी फुटली होती. कळंबात ज्याच्या रानात हरळी दिसे, त्याच्या घरी पोरगी द्यायला लोक मागंपुढं बघत. मातीच्या ट्रकमधून आली असणार, तिला वाटलं. बाग उघडायच्या आधीच नासली, तर मुकादमाची नोकरी जाईल आणि आपली खोलीही.

मायलेकी कुदळी घेऊन उतरल्या. नुसतं खुरपून हरळी मरत नाही. मातीतल्या काशा, म्हणजे तिची लांबलचक मुळं, एकूणएक वेचावी लागतात. त्यांनी वेचल्या, उन्हात वाळत घातल्या आणि चार वाजता रीतीप्रमाणं पेटवून दिल्या.

सोमनाथ आला तेव्हा धूर निघत होता.

"मावशी, लॉन कुठाय?"

"कसलं लान? हरळी व्हती. एक काशी ठिवली न्हाय बघा."

सोमनाथनं पायानं राख उकरली. "तीच लॉन व्हती, मावशी. मुद्दाम लावली व्हती."

"हरळी कुणी लावतं व्हय, सोमनाथराव?" कुशाबाई हसली. मग त्याचं तोंड पाहून हसू थांबलं. "कालव्यावर ढीगभर हाय. आत्ता आणून लावते."

"रुजायला महिना लागतो. उद्या पाहुणं काय मातीवर फोटो काढतील?"

तरी दोघींनी दिवस मावळेपर्यंत पाट्या वाहिल्या आणि काशा लावल्या. सोमनाथ वाईट नव्हता. त्यानं हात जोडले आणि सांगितलं, ठेकेदारानं खोली दुसऱ्याला दिली.

शुक्रवारी बाग उघडली. पोट कमी करायला माणसं गोल गोल फिरू लागली. रविवारी नकोशीनं स्वतःच गाठोडं बांधलं.

"चार दिस दम धर की," कुशाबाई म्हणाली.

"कुणाच्या पडवीत, आये?"

एसटी स्टँडवर कुशाबाई भवानीनगरच्या गाडीच्या खिडकीखाली उभी राहिली. "त्यानं हात उचलला तर वरडायचं. शेजारी ऐकत्यात."

"तितं समदी ऐकत्यात," नकोशी म्हणाली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला. कंडक्टरनं घंटी मारली.