नदीतला दगड

लढाईत माझा थोरला भाऊ जहाजासकट बुडाला. मुंबईला खलाशांचं स्मारक बघायला गेलो, तर त्यावर त्याचं नावच नव्हतं. तिथल्या कारकुनाशी भांडून माझ्या गावी, सावलीला परतलो. राग मात्र गेला नाही.

पुढे बांबूच्या सौद्यासाठी वैनगंगेपलीकडे गेलो. गावाच्या वाटेवर उभ्या दगडांची रांग होती. मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक दगड. शेवटचा दगड एक म्हातारा गोंड ओंजळीनं पाणी घालून धूत होता. त्याच्या मुलाला पुरानं नेलं होतं, प्रेत मिळालं नव्हतं.

"नाव काऊन नाई कोरलं, बाबा?"

"गावाले मालूम हाये ना. तुमचं कोन गेलं, भाऊ?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी सारं सांगितलं. त्यानं मुलाच्या दगडाशेजारचं गवत उपटून जागा साफ केली.

"पान्यात गेलेल्याचा दगड पान्यातूनच आना लागते. बसवा इथी."

सवयीनं मी विचारलं, "जागेचं काय घेता?"

"मेलेल्याच्या जागेचा भाव करते का कोनी?"

मी खाली मान घातली. सौदा तसाच ठेवून, धोतर खोचून नदीत उतरलो. हाताला लागलेला पहिला दगड मला लहान वाटला. दुसराही.