आबांची तापी

धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात भूगोल शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. आधी शाळा, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा आणि फळ्यावरच्या नकाशात उत्तर दिशा वर. मला हे सगळं तोंडपाठ होतं, आणि त्याचा मला नको इतका तोरा होता.

माझे जोडीदार होते आबा. एरंडोलकडचे, वयानं माझ्या वडिलांएवढे. पंधरा-वीस वर्षं शिकवत होते, पण सर्टिफिकेटाशिवाय. या वर्षी पास झाला नाहीत तर नोकरी गेली समजा, असं वरून आलं होतं. त्यामुळं त्यांना तयार करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं.

आबांच्या गावच्या शाळेत फळाच नव्हता. सकाळी अंगणात मुलांना सूर्याकडं तोंड करून बसवायचं आणि काठीनं मातीत नकाशा काढायचा, ही त्यांची रीत. त्यामुळं त्यांच्या नकाशात वर पूर्व असायची. डाव्या हाताला सातपुडा, उजव्या हाताला अजिंठ्याचे डोंगर आणि तापी वरून खाली. पंधरा दिवस मी त्यांच्याकडून उत्तर वर काढून घेतली. ते काढायचे, पुसायचे आणि कुरकुरायचे, "भाऊ, पाणी खाले जास ना? मंग तापी आडवी कसी काढू?"

"परीक्षेपुरती काढा, आबा!" मी खेकसायचो. आज त्याची लाज वाटते.

परीक्षेच्या सकाळी सराव शाळेतल्या मुलांपुढं आधी माझा पाठ झाला. नकाशा इतका देखणा उतरला, की माझा मीच खूश. परीक्षक साहेबांनी वर्गाला विचारलं, "तापी वाहत कुठं जाते? हात करून दाखवा." सगळ्या मुलांनी नकाशाकडं बघून डावीकडं हात केले. आमचा फळा दक्षिणेच्या भिंतीवर होता, त्यामुळं मुलांचा डावा हात पूर्वेकडं होता. म्हणजे तापी सुरतेला जायची सोडून उलटी जळगावकडं निघाली होती! ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग आबा उभे राहिले. मुलांना खिडकीशी नेऊन त्यांनी आधी सूर्य दाखवला, नंतर फळ्याशी आले आणि तापी काढली. वरून खाली! मागच्या बाकावर मी कपाळावर हात मारला.

साहेबांनी मान वाकडी करून नकाशा पाहिला. "वर कोणती दिशा, गुरुजी?"

आबांचा चेहरा उतरला. "पूर्व, साहेब." आणि माझ्याकडं बघून पुटपुटले, "मना हात ऐकस नही, भाऊ."

साहेबांनी मुलांना तोच प्रश्न विचारला. मुलं फळ्याकडं बघेनात. ती खिडकीकडं वळली, सूर्य पाहिला आणि पाठीमागं हात केले. एक मुलगा आधी पुढं, मग मागं बोट करत म्हणाला, "सूर्य आठे निंघस, तापी तठे जास." ती बरोबर पश्चिम होती.

चार दिवसांनी शेरे हातात आले. आबांच्या कागदावर होतं, "नकाशा चुकला. मुलं चुकली नाहीत. पास." आबांनी तो कागद टोपीत ठेवला आणि सगळ्यांदेखत डोळे पुसले. मला इतका आनंद झाला, की स्वतःचा कागद उघडायचंच विसरलो.

मग उघडला. मीही पास होतो. "नकाशा उत्तम," एवढंच लिहिलं होतं. मुलांबद्दल एक अक्षरही नव्हतं.