खोडलेलं घर

व्यंगचित्र म्हटलं की माझ्या नाकात आधी पानाचा वास येतो आणि मग शिसारी. लोक म्हणतात, अहो, तुम्ही तर त्यातच पदविका घेतलीय. घेतलीय, म्हणूनच.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. घोरावाडीहून लोकलनं मी पुण्याच्या एका कला महाविद्यालयात जात होते. वर्गात आम्ही मुली दोघीच. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतःचा विषय निवडून बारा पानांची चित्रकथा करायची, असा नियम होता. काम दुसऱ्याकडून करून घेऊ नये म्हणून कॉलेज शिक्का मारलेले बारा जाड कागद मोजून द्यायचं. तेरावा मागितला तरी मिळायचा नाही. बिघडलं तर खोडा, पांढरा रंग लावा, पण त्याच कागदावर निस्तरा.

मी विषय घेतला मावशीच्या घराचा. पवनेवर धरणाचं काम चालू होतं आणि तिकोणा पेठेजवळचं तिचं गाव पाण्याखाली जाणार होतं. दिवाळीच्या सुट्टीत कामशेतला उतरून एसटीनं, पुढं चालत, मी कागदांची गुंडाळी घेऊन तिच्याकडं गेले. भात झोडायचे दिवस होते. मावशी दिवसभर खळ्यावर आणि मी ओसरीवर पेन्सिल घेऊन. कच्ची चित्रं काढून कागद फुकट घालवणं आमच्या घरात कधी चाललंच नव्हतं, त्यामुळं शिक्क्याच्या कागदांवरच थेट काढत होते. पुढं त्यावर शाई फिरवायची, एवढाच विचार.

मावशी रोज संध्याकाळी हात पुसून कागद बघायची. शेवटच्या दिवशी म्हणाली, "आतलं बी काढ. चुलीमागचा कोनाडा, समदं. पानी आल्यावर मला कुटं बगाया मिळनार? परीक्षा झाली की त्यातलं एक मला दे. लय न्हाई, घराचं एकच दे."

त्या गावात फोटोवाला कधी फिरकला नव्हता. मी म्हटलं, देईन.

सुट्टीनंतर सरांना कागद दाखवले. आमचे सर बसल्या जागी चित्रं तपासायचे आणि तोंडात पान असल्यामुळं हनुवटी वर करून बोलायचे.

"यात हसायला काय आहे?"

"हसायला काही नाही, सर."

"मग व्यंगचित्राच्या वर्गात कशाला आलात? भजनाला जायचं."

मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्याच कागदाच्या कोपऱ्यात दाखवलं. घरात पाणी शिरतंय, एक जाडजूड बाई हातात लाटणं घेऊन छपरावर बसलीय, वाळलेला नवरा हंड्यात बसून वल्हवतोय, म्हैस खिडकीतून बघतेय. त्या बाईला त्यांनी दात दिले, केवढाले. मागच्या बाकावरची पोरं फिदीफिदी हसली. स्वतः निवडलेला विषय याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. निवडायचा मी आणि आवडायचा सरांना.

मी भांडले असते तर सांगायला बरं झालं असतं. भांडले नाही. नापास झाले तर आणखी एक वर्ष, आणि घरात माझ्या लग्नाची बोलणी आधीच सुरू झालेली. घरी आले, लाटणं काढलं, दात काढले, घर सोयीप्रमाणं फिरवून घेतलं, शाई फिरवली आणि खोडरबर घेऊन खालची सगळी पेन्सिल खोडून टाकली. बाराही कागदांवरची. कोनाडा, उखळ, खांबाला विळा टांगायची जागा, सगळ्याचा काळा कीस झाला. तो मी पदरानं झटकला आणि चटईवर पडलेला केरसुणीनं लोटला. हे करताना मला काही वाटलं नाही. आता त्या हातांची किळस येते.

परीक्षेला बाहेरून दोघं परीक्षक आले होते. त्यातला एक माझी पानं बघून इतका हसला की त्याच्या तोंडातला पानाचा रस त्या छपरावरच्या बाईवर उडाला. त्यानं रुमालानं पुसलं, डाग आणखी पसरला. "मावळातल्या बायका अगदी अशाच," तो म्हणाला. दुसराही हसला, सरही हसले. आणि मीही हसले. मला पहिला वर्ग मिळाला. मला आनंद झाला होता, हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. पांढरा रंग लावून डाग मी झाकला.

पुढं पाणी चढलं. मावशी लोणावळ्याला मुलाकडं राहायला आली. तो एका चिक्कीच्या दुकानात कामाला होता आणि दुकानामागच्या खोलीत राहायचा. आधी निरोप आला, मग दुसरा निरोप आला, चित्र कधी आणतीस म्हणून. कॉलेजातून कागद परत मिळाल्यावर त्यातल्या त्यात घर मोठं दिसणारं पान घेऊन मी गेले. खोलीत गुळाचा पाक आणि माश्या. जमीन पायाला चिकटत होती.

मावशीनं कागद उजेडाला धरला.

"ही जाडी कोन गं?"

"कुणी नाही. उगाच काढलीय."

तिनं तळवा त्या बाईवर ठेवला, म्हैस दुसऱ्या हातानं झाकली, आणि राहिलेलं घर बघत बसली. बराच वेळ.

"आपलं दार डोंगराकडं व्हतं न्हवं?"

होतं. म्हैस खिडकीतून दिसावी म्हणून मी ते रस्त्याकडं घेतलं होतं. दाराचं खरं सांगायचं म्हटलं असतं तर तिचं घर मी खोडून टाकलंय, ते आता कुठंच नाही, हेही सांगावं लागलं असतं.

मावशीनं पुन्हा कागदाकडं बघितलं. मग स्वतःशीच मान हलवली.

"तू तितं बसून काढलंयस. शिकलेली हायस. माजंच ध्यान न्हाई राह्यलं. रस्त्याकडंच आसंल."

तिनं मुलाला खिळा आणायला सांगितलं. तो ठोकत होता तोवर कागद सरळ धरून मी भिंतीपाशी उभी राहिले.