हिराआत्याचे बोंबील आणि दर्पणचं कपाट

सरकारी अनुदान म्हणजे फुकटचे पैसे, असं ज्याला वाटतं त्याने एकदा ज्ञानेश्वरी शेळकेच्या टेबलासमोर बसून पाहावं. बोईसरला छोट्या उद्योजकांसाठी एक तंत्रज्ञान केंद्र आहे. कुणी नवं यंत्र काढायचं म्हटलं, की त्याला सरकारचं अनुदान मिळवून द्यायचं, ते हप्त्याहप्त्याने सोडायचं आणि दर हप्त्याआधी काम खरंच झालंय का ते बघायचं, हे तिचं काम. हप्ता मागायला आलेला माणूस फार गोड बोलायला लागला, की ती चष्मा पुसायला घ्यायची. पुसून झाला की प्रश्न सुरू. केंद्रातली मंडळी तिला पाठीमागे ‘तपासनाका’ म्हणत आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं.

हा स्वभाव तिला वडिलांकडून आलेला. नागोराव परभणीकडून तारापूरच्या एमआयडीसीत आले आणि बॉयलरवर राबून निवृत्त झाले. यंत्र चालतंय असं साहेबाने सांगणं वेगळं आणि यंत्र चालणं वेगळं, हे घरात जेवताना रोज ऐकायला मिळे. पण एवढी कडक बाईही एका अर्जावर जीव जडवून बसली होती. तो अर्ज होता दातिवऱ्याच्या दर्पणचा.

दर्पण कोळीवाड्यातला, आईबापामागे हिराआत्याने वाढवलेला. कारखान्यातली फिटरची नोकरी सोडून त्याने मासळी सुकवायचं एक कपाट बनवलं होतं. ऊन असेल तर उन्हावर, नसेल तर भुशाच्या शेगडीवर चालणारं. पावसाळा सरताना बोंबील ढिगाने येतात, पण आभाळ उघडत नाही. मग वलांड्या, म्हणजे बोंबील टांगायचे बांबू, नुसत्याच उभ्या राहतात आणि ओला माल पडेल त्या भावात बर्फवाल्याच्या घशात जातो. ते थांबवायचं, एवढंच त्याचं स्वप्न. पुढचा हप्ता मिळाला तर मोठं कपाट, नाही मिळाला तर पुन्हा फिटर.

मार्चमध्ये चाचणी झाली आणि सुकलेल्या बोंबलांचा नमुना प्रयोगशाळेत गेला. निकाल असा झकास आला, की ज्ञानेश्वरीने चष्मा न पुसताच सही ठोकली. हप्ता मंजूर करणाऱ्या समितीच्या बैठकीआधी एकदा कपाट पाहून यावं म्हणून ती दातिवऱ्याला गेली. हिराआत्याने चहा पुढे केला.

“रिपोट चांगला आला ना? येनारच. माझे बोंबील होते ते.”

“तुमचे म्हणजे? कपाटातलेच ना?”

“कपाटातले कशाला? सरकारकडं पाठवायचे, मंग आपल्या वलांडीवरचे नको द्यायला? दर्पण रिक्षा बघायला गेला, तवर मी पिशवी बदलली.”

दर्पणच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या मात्र कौतुकाची वाट पाहत होती. पाहुण्याला घरातलं उत्तम द्यावं, सरकारही पाहुणंच, यात लपवण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं.

“कपाटातले खाऊन बघितलेत तुम्ही?” ज्ञानेश्वरीने विचारलं.

“नाय. त्या कपाटावर माझा विश्वास नाय. पन पोराचं वाईट व्हायला नको.”

ज्ञानेश्वरीला आधी संताप आला, मग त्या बाईची माया पाहून तो ओसरला. पण सही तिची होती. दर्पण तिच्या स्कूटरपर्यंत मागे आला.

“मॅडम, आपन गप्प राहिलो तर कोनाला कळनार हाय? कपाट चांगलंच हाय माझं.”

“असेलही. पण ते मला माहीत नाही, आणि तुलाही नाही.”

पालघरच्या बैठकीत तिने सगळं सांगून टाकलं. समितीच्या अध्यक्षांनी, कृष्णकांत साहेबांनी, फाइल मिटली. मग त्यांनी विचारलं, “नमुना भरताना तुम्ही तिथे नव्हतात?” “नव्हते. असायला हवं होतं,” ती म्हणाली. हप्ता थांबला. फेरचाचणीची मुभा मिळाली, पण मंजुरीचा कागद हाती येईपर्यंत जून उजाडला आणि मासेमारी बंद झाली. होड्या किनाऱ्याला लागल्या. दर्पण पुन्हा कारखान्यात पाळ्या करू लागला आणि तिचा फोन उचलेनासा झाला. तिला ते लागलं. आपण एका पोराचं वाटोळं तर नाही ना केलं, या विचाराने तिचं कामात लक्ष लागेना.

सप्टेंबरात बोंबील आले आणि आभाळ डोक्यावर टेकलेलं. दातिवऱ्यात पाऊल टाकलं आणि रिकाम्या वलांड्या पाहून तिला एकदम उमगलं, की मार्चची चाचणी ही चाचणीच नव्हती. त्या उन्हात काहीही सुकलं असतं. कपाटाची खरी परीक्षा आज होती. फेरचाचणीसाठी रजा काढून आलेल्या दर्पणने कपाट भरलं आणि ती शेगडीजवळ खुर्ची टाकून बसली, धुराने डोळे चोळत. नमुना तिने स्वतः भरला आणि स्वतः सील केला. आत्याला या वेळी बदलायला दुसरे बोंबीलच नव्हते. तिने कपाटातला एक मोडला, चावून पाहिला आणि उरलेला तुकडा पदरात बांधून घरात गेली.

निकाल मार्चइतका झकास नव्हता, पण पास होता. हप्ता मंजूर झाला. दर्पणला फोनवर सांगितलं तेव्हा तो नाक ओढायला लागला. मग म्हणाला, “आत्याला तुमीच सांगा. ती सफाळ्याच्या बाजारात हाय. रोज कपाट भरायला लावते आणि माल घेऊन जाते.”

ज्ञानेश्वरी सफाळ्याला गेली. बाजारात आत्या रिकाम्या टोपलीशी पदराने वारा घेत बसली होती.

“तुमच्यासाठी चार बोंबील ठेवनार होते मॅडम, पन गिऱ्हाईक थांबलं नाय.”

“आत्या, हप्ता मंजूर झाला.”

“ते दर्पणला सांगा,” टोपली उचलत आत्या म्हणाली. “मला सांगा, मोठं कपाट कधी येतं?”