रविवारच्या शाळेचा संडास

संडासाला नाव द्यायला कोणी तयार होत नाही, हे मला त्या हिवाळ्यात कळलं. मूर्तीला सगळे तयार. कमानीसाठी तर भांडणं. ग्रॅनाइटच्या पाटीवर ‘कालकथित वडिलांच्या स्मरणार्थ’ असं कोरून मिळणार असेल तर आमच्या नागपूरच्या नातेवाइकांचा हात आपोआप खिशात जातो. पण मी फोन करून म्हणायची, विहारातल्या रविवारच्या शाळेला पोरींसाठी संडास बांधायचा आहे, की पलीकडे सगळं चिडीचूप. एका मामेसासऱ्यांनी तर विचारलं, “म्हणजे माह्या बापाचं नाव संडासावर?” मी म्हटलं, बिननावाचं द्या. ते म्हणाले, विचार करून सांगतो. अजून विचारच करताहेत.

लाखनी सोडून हायवेनं थोडं पुढे आलं की आमच्या गावाचा फाटा लागतो, आणि फाट्यावरच विहार आहे. दर रविवारी सकाळी तिथे शाळा भरते. आधी वंदना, मग गाथा, मग चित्रं, आणि शेवटी गोष्ट. मी बारावी पास, म्हणून हजेरी आणि खडू माझ्याकडे. पण शाळा खरी सासूबाईंची. त्यांना अक्षरं जेमतेम लागतात, पण गाथा सगळ्या तोंडपाठ, आणि गोष्ट सांगायला बसल्या की बुद्ध जणू परवाच आमच्या तलावाच्या पाळीवरून चालत गेला. दंगेखोर पोरंसुद्धा त्यांच्यासमोर मांडी घालून बसतात. माझ्यासमोर बसत नाहीत, हे कबूल करायला मला लाज नाही.

तर त्या शाळेतून सहावी-सातवीच्या पोरी एकेक करून गळायला लागल्या. एकीला मी गाठून विचारलं, तर ती म्हणाली की शनिवारी संध्याकाळपासून ती पाणीच पीत नाही. विहारामागं आडोसा होता, तोही रस्ता रुंद झाला तेव्हा गेला. मग यायचं कसं? माझं डोकंच फिरलं. त्याच दिवशी मी फोन लावायला घेतले आणि वर सांगितलंच, मामेसासऱ्यांपर्यंत येऊन गाडी रुतली.

मग धानाची कल्पना निघाली. दिवाळी आटोपली होती, शिवारात मळणी चालू होती, प्रत्येक खळ्यावर धानाच्या राशी. पैसा मागितला की माणूस खिसा चाचपतो, पण राशीतून एक पायली धान काढून द्यायला कोणाचं मन खट्टू होत नाही. ही कल्पना माझी. अभिमानानं सांगते, कारण पुढचा गोंधळही माझाच आहे.

आम्ही पाच जणी निघालो. माझी थोरली जाऊ त्यात होती, आणि ती असली की काम अर्धं आणि हसणं दुप्पट. चुलतदिराचा ट्रॅक्टर-ट्रॉली मिळाला. आवाज पोचावा म्हणून एका भाजीवाल्याचा भोंगा उसना आणला. त्या भोंग्यात त्याचं रेकॉर्डिंग भरलेलं होतं आणि बटणं दोनच. मी घसा खाकरून सुरुवात करायची, “गावातील समस्त शेतकरी बंधूंनो,” आणि भोंगा ओरडायचा, कांदे घ्या, लसूण घ्या, ताजी मेथी घ्या. पहिल्या खळ्यावर तर एक म्हातारी खरंच पिशवी घेऊन आली. जाऊ ट्रॉलीत आडवी पडून हसत होती. मी चिडले, मग मलाही आवरेना. दुपारपर्यंत आम्ही मेथीसकटच दान मागायला लागलो.

आणि लोकांनी दिलं हो. आमच्या वस्तीनं दिलं, गावातल्या कुणबी-तेल्यांच्या खळ्यांवरही दिलं. कोणी पायली, कोणी टोपलं, कोणी आख्खा कट्टा, म्हणजे पोतंच. तलावाखालच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, ज्यांची आहेत ते गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. त्यांच्या खळ्यावर जायला आम्ही जरा बिचकत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि घरच्यासाठी राखलेलं चिन्नोर काढलं. चिन्नोर! एका घरी शिजलं तर चार घरी वास जातो असं ते धान. मी भोंग्यावरून त्यांचे आभार मानले, भोंग्यानं लसूण विकला, आणि ते गृहस्थही पोट धरून हसले.

विहारापुढे येईपर्यंत आमच्या अंगात वारं शिरलं होतं. मला वाटलं, या नागपूरवाल्यांना दाखवूच. फोटो काढून टाकू ग्रुपवर. पण कट्टे फोटोत काही भरीव दिसेनात. मी म्हटलं, ओता सगळं खाली, मोठी रास दिसंल. आणि आम्ही पाच जणींनी सगळे कट्टे, सगळी टोपली एका ताडपत्रीवर रिकामी केली. काय रास झाली! पोरं भोवती नाचली. मामेसासऱ्यांनी फोटोखाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तेवढंच पाठवलं.

त्या आनंदात मी घरी आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. भोंगा, मेथी, चिन्नोर, काही सोडलं नाही. त्या भाजी निवडत होत्या. माझं संपेपर्यंत त्यांचा हात थांबलेला होता.

“खळ्यावर गेली होती?” एवढंच विचारलं.

मग त्यांनी सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या माहेरच्या गावी त्यांची आई मळणीच्या दिवसांत सूप घेऊन खळ्याच्या कडेला उभी राहायची. दिवस बुडेपर्यंत. ‘वाढा मायबाप’ म्हणत. सगळ्यांचं मोजून झालं की खाली सांडलेलं, मातीत मिसळलेलं सुपात पडायचं. सासूबाई तेव्हा सात-आठ वर्षांच्या, आईचा पदर धरून उभ्या. मग दीक्षेचं वर्ष आलं. त्यांच्या बापानं घरात सांगितलं की आता पोट जळालं तरी खळ्यावर जायचं नाही. तो हिवाळा त्यांनी आंबाडीच्या भाजीवर काढला.

“माह्या मायनं जे सोडलं,” त्या म्हणाल्या, “ते तू भोंगा लावून मांगून आली.”

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, आई, ते बलुतं होतं, हे दान आहे. ते पोटासाठी होतं, हे पोरींसाठी. जमाना बदलला, लोकांनी हसत दिलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, “दान देनाऱ्याच्या मनातून निघते. मांगून आनलं ते दान नाही होत, बाई.” आणि उठून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या शाळेत आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मागितलेल्या धानातून जे काही बांधाल, त्याच्या आवारात मी पाय ठेवणार नाही, असं त्यांनी जावेला सांगितलं. मला तर सांगितलंही नाही, बोलणंच बंद होतं. पोरं दाराकडे पाहत विचारायची, आजी कुठं गेली? मी गोष्ट सांगायला घेतली तर एकानं मध्येच उठून मला दुरुस्त केलं. मला फार लागलं. संडास झाला आणि सासूबाई गेल्या, तर त्या शाळेत उरणार काय होतं? पण धान परत द्यायचं तरी कोणाला कोणतं? रास तर एकच झालेली.

आणि तिथेच आमचं दुसरं शहाणपण उघडं पडलं. धान विकायला लाखनीच्या राईस मिलवर नेलं. मालकानं मूठभर धान तळहातावर चोळलं, फुंकर मारली, पुन्हा चोळलं. मग त्यानं आम्हा दोघी जावांकडे असं पाहिलं, जणू आम्ही शहरातून आलोय. ठोकळ, बारीक, चिन्नोर, हलकं, भारी, सगळं एकत्र. ठोकळ धानाला मशीन लावली तर बारीक धान तसंच सटकतं, बारकाला लावली तर ठोकळाचा चुरा होतो. अख्खा तांदूळ नाही निघणार, नुसती कनकी निघेल, तुकडा, असं म्हणाला. कोणीच घेणार नाही हे.

धानाच्या मुलखात जन्मलेल्या आम्ही पाच बायका. रोवणीत कंबर मोडेपर्यंत वाकलेल्या. डोळे झाकून नुसत्या हातानं धान ओळखू म्हणणाऱ्या. आणि फोटोसाठी चिन्नोर ठोकळात ओतलं! येताना जाऊ पहिल्यांदाच हसली नाही.

ट्रॉली अंगणात लागली. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं नाही, पण जावेच्या पोटात काही राहत नाही, तिनं सगळं ओकलं. सासूबाई उठल्या, ट्रॉलीत हात घातला, धान बोटांवरून गाळलं. आणि हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग खोकला लागला. मी पाणी आणलं तर हातानं मला दूर करून पुन्हा हसल्या.

“पाच जनी,” त्या म्हणाल्या, “अन् एकीलेही नाही समजलं?”

“फोटो चांगला आला पन,” जाऊ म्हणाली. मग आम्ही तिघी त्या अंगणात इतक्या हसलो की शेजारची भिंतीवरून डोकावली. किती दिवसांनी त्या माझ्याकडे पाहून हसत होत्या. मला रडूही येत होतं.

हसून झाल्यावर त्यांनीच रस्ता काढला. तुटतेच ना तांदूळ, म्हणाल्या, तं तुटू द्या. गावातल्या धान सडायच्या जुन्या हलरवर काढा, निघेल ती कनकी दळून आणा, पिठाचे आयते घाला. आयते म्हणजे तांदळाचं पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतून केलेले, जाळीदार. पिठाला थोडंच कळतं कोण ठोकळ अन् कोण चिन्नोर. पण अट घातली. मागून आणलेलं आधी वाटून टाकायचं, मग देणाऱ्याच्या मनातून येईल त्यातूनच बांधायचं. फाट्यावर चूल मांडायची, येईल त्याला खाऊ घालायचं. बाजूला डबा ठेवायचा, त्यावर काय बांधायचं आहे ते लिहायचं. आणि कोणाला काही म्हणून मागायचं नाही. भाव सांगायचा नाही. डब्याकडे बोटसुद्धा दाखवायचं नाही.

“मले जमंल,” मी म्हटलं.

“तुलेच जमनार नाही,” त्या म्हणाल्या.

खरं होतं ते. पहिल्या रविवारी तवा तापला, सासूबाई चुलीपुढे बसल्या, आणि माझ्या तोंडाला कुलूप. बाप रे, काय हाल झाले माझे! ट्रक थांबायचे, ड्रायव्हर उतरून चार-चार आयते टमाट्याच्या चटणीसोबत हाणायचे, आणि डबा न पाहताच निघायचे. मी ओठ चावायची. एक जोडपं चटणी तीनदा मागून घेऊन तसंच गेलं, तेव्हा मी विहारामागं जाऊन भिंतीला चार शब्द सुनावून आले. जाऊ डबा हळूच पायानं पुढे सरकवायची आणि सासूबाई मान न वळवता उलथण्यानं मागे ढकलायच्या. असं दिवसभर. पण काही जण पाटी वाचायचे. एक सरदारजी ड्रायव्हर वाचता येईना म्हणून विचारायला लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, विचारलं तं सांग, विचारलेलं सांगनं म्हंजे मांगनं नाही. मग मी असं सांगितलं, असं सांगितलं, की तो डोळे पुसत गेला आणि पुढच्या खेपेला आणखी तीन ट्रक घेऊन आला.

वरठीच्या कारखान्यातली माणसं मोटारसायकलींवरून मुद्दाम वाट वाकडी करून यायला लागली. गावात बोलबाला झाला. थंडी संपायच्या आत पाया खोदला गेला, आणि गळालेल्या पोरींपैकी दोघी पीठ कालवायला म्हणून आल्या आणि वर्गात जाऊन बसल्या.

त्यातल्याच एका रविवारी तलावाखालच्या बांध्यांचे ते मोठे शेतकरी आले. पांढरा सदरा, स्कूटर लांब उभी केलेली. ते इकडे, आमच्या बाजूच्या चुलीवर, याआधी कधी जेवले असतील असं मला वाटत नाही. मी पत्रावळ दिली. त्यांनी दोन आयते खाल्ले, अगदी सावकाश. संपल्यावर पत्रावळ हातात धरून तिथेच उभे राहिले. कोणी दुसरा असता तर मी पुढचा वाढला असता, पण खरं सांगते, त्या दिवशी मी मुद्दाम हात मागे घेतला. ते तव्याकडे पाहत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा तव्याकडे. एवढा मोठा माणूस, कानशिलं लाल झालेली. जावेनं माझं कोपर दाबलं.

“मावशी,” शेवटी ते म्हणाले, “आनखी एक...”

मला वाटलं, आता. आता सासूबाई वर बघतील आणि त्या आंबाडीच्या हिवाळ्यापासूनचं सगळं एका वाक्यात फेडतील. मला ते ऐकायचं होतं.

सासूबाईंनी त्यांना वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. तव्यावरचा आयता उचलला आणि पत्रावळीवर ठेवला.

“मांगू नोको बाबू,” त्या म्हणाल्या. “घे.”

ते गेल्यावर मी सासूबाईंवर उखडलेच. म्हटलं, जरा उभं तरी ठेवायचं होतं. त्यांनी ओल्या फडक्यानं तवा पुसला.

“मांगतानी पोटात कसं होते, मले मालूम आहे ना,” त्या म्हणाल्या. “तुले नाही मालूम, तेच बरं आहे. पीठ दे इकडं.”

मी पिठाचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.