धूर घाटाकडं

आमच्या शिरोळकडं उसाचा फड तुटला की मागं राहिलेलं पाचट पेटवतात. पण केव्हाही नाही हं! आधी चिमूटभर माती हवेत उडवायची. ती मावळतीला, घाटाकडं गेली तरच काडी ओढायची. वारं गावाकडं असलं तर काजळी वाळत घातलेल्या धुण्यावर, शेवयांवर पडते, आणि मग आम्ही बायका पेटवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

वारं ओळखण्यात आमच्या मालकांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. दुसऱ्यांच्या फडावरही लोक त्यांनाच बोलावतात. लहानपणी आमची लेक त्यांच्यामागं हिंडायची आणि मूठभर माती उडवून ओरडायची, "आबा, घाटाकडं!"

हीच लेक कोल्हापूरला कॉलेजात गेली आणि घाटाखालचा, मालवणकडचा नवरा पसंत करून आली. तिथं बायकांच्या बचत गटात ती खाडीत तराफ्याला माळा टांगून शिंपल्यातली कालवं वाढवू लागली. पहिल्यांदा तिनं सोलून आणलेली कालवं मी तांबड्या रश्श्यात घातली. मालकांनी आधी नाक मुरडलं आणि मग भांडं पुसून खाल्लं.

गेल्या दिवाळीला आली ती हात हलवत. "आई, बारकी कालवं टिकंनात. शिंपलं हातात धरलं की अंड्याच्या टरफलागत चुरा हुतोय."

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंनी त्यांना समजावलं होतं. कारखान्यांचा, गाड्यांचा, फडांचा, सगळ्यांचा धूर हवेत जातो, पण तिथंच राहत नाही. समुद्र त्यातलं पुष्कळ पिऊन घेतो. पाणी हळूहळू आंबट होत जातं, आणि तसल्या पाण्यात शिंपलं धड बनत नाही.

"थंडीत आमच्याकडं डोंगरावरनं धुरकं उतरतंय," लेक खाली बघत म्हणाली. "मला वास वळखू येतोय की."

"एवढ्या लांब? छे!" मालक म्हणाले, पण त्यांनी ताट सारलं. एकट्या आमच्या फडानं समुद्र बिघडला नाही, एवढी अक्कल मलाही आहे. तरी जीव जळतो. आपलं अंगण राखलं आणि राख लेकीच्या दारात लोटली की हो आम्ही!

यंदा आम्ही पाचट सरीतच कुजायला ठेवलं. मालकांनी शेजाऱ्यांनाही सांगून बघितलं. "आबा, समुद्र कुठं, शिरोळ कुठं!" म्हणून ते हसले. मी लेकीला फोन केला. "बरं केलासा," ती म्हणाली, "पर मी तराफा विकाय काढलाय, आई."

दुसऱ्या दिवशी शेजारचा फड तुटला. मी न्याहारी घेऊन बांधावर पोचले, तर शेजारी काडेपेटी घेऊन उभा होता.

"आबा, वारं बघा की! कुणीकडं चाललंय?"

मालकांनी माती उडवली. ती गेली त्या दिशेला नुसते बघत राहिले.

"लेकीच्या घराकडं," ते म्हणाले.

"मग झ्याक की!" म्हणत त्यानं काडी ओढली.